परतीचं नाव काढायचं नाही

आमच्या घरच्या होडीवर वडिलांचा एकच नियम होता. "होडयेत बसलास काय परतीचा नाव काढूचा नाय," एवढंच ते म्हणत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरातूनही कुणी 'कधी येणार' असं विचारत नसे. आई भाकरीचं फडकं हातात देई आणि पाठ फिरवून आत जाई. वडील म्हातारे होऊन खाटेवर गेले. समुद्राने त्यांना कधी काही केलं नाही. त्यामुळे नियम खरा असणार, असं मी धरून चाललो.

तो नियम मी दुबईला घेऊन गेलो आणि तिथे त्याचा तमाशा केला. माझ्या मुलीला त्याची किंमत मोजावी लागली असती. ती वाचली, आम्ही सगळेच वाचलो. तरी एवढ्या वर्षांनंतरही ते कुणाला नीट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी अल कुसैसमध्ये एका मराठी व्यापाऱ्याच्या दुकानात लागलो. बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग आम्ही विकायचो आणि गरज पडली तर जाऊन बसवूनही द्यायचो. त्या कामासाठी डोंगरांपलीकडे, पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कान बंदरात जाणं व्हायचं. तिथे एका स्थानिक म्हाताऱ्याच्या चार-पाच फायबरच्या बोटी होत्या. मी त्याची इंजिनं नीट ठेवायचो, त्याच्या बदल्यात शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, तो एक बोट माझ्या हवाली करायचा. पहिल्यांदा मी एकटाच गळ टाकायला गेलो. मग दुकानाच्या मालकांना घेऊन गेलो. मग दुबईतल्या मराठी मंडळातल्या लोकांना कळलं, की कोकणातला एक माणूस आहे, समुद्र ओळखतो, हमूर काढून देतो. हमूर म्हणजे आमच्याकडचा गोबरा, खडकात राहणारा मोठा मासा. तिथे सगळ्यांचा जीव त्याच्यावर. दर शुक्रवारी कुणी ना कुणी तयार असायचं.

त्यात एक बांधकाम कंत्राटदार होता, सोलापूरकडचा, पोट सुटलेला, सतत बोलणारा. त्यानेच मला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणायला सुरुवात केली. "तांडेल, आज गोबऱ्याने तुम्हाला अपॉइंटमेंट दिलीय ना?" असं तो गाडीत बसतानाच विचारायचा. मला ते आवडायचं. दुकानात मी खोके उचलणारा आणि पार्ट नंबर शोधणारा माणूस होतो. बोटीवर मात्र मोठाले लोक मला विचारून गळाला आमिष लावायचे.

थंडीत हे काम सोपं होतं. पाणी गार आणि स्वच्छ, मासे खडकावर, किनाऱ्यापासून थोडं बाहेर गेलं की झालं. खरी परीक्षा मे महिन्यात सुरू व्हायची. वरचं पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट होतं आणि खाली गार थर राहतो. मासा त्या थराबरोबर खाली खाली सरकतो. आज ज्या खडकावर मिळाला तिथे पुढच्या शुक्रवारी चिटपाखरू नाही. कधी पाणी एकाएकी हिरवं होतं, कधी जेलीफिश एवढ्या येतात की दोरी वर ओढताना हात भाजतात. शिवाय दक्षिणेकडे कुठेतरी पावसाळ्याची तयारी चाललेली असते, तिच्या लांब सुस्त लाटा वारा नसतानाही येत राहतात. शहाणा माणूस त्या दिवसांत नेम धरत नाही. पण पाहुण्यांना ते कसं सांगणार? त्यांची सुट्टी एकच दिवसाची. ते मासा घेतल्याशिवाय परत गेले तर मी कसला तांडेल? म्हणून मी दर आठवड्याला थोडं जास्त बाहेर जायचो.

आणि मासा न लागण्याचे तास भरून काढायला माझ्याकडे वडिलांचा नियम होता. बोट सोडण्याआधी मी धक्क्यावर सगळ्यांना उभं करायचो आणि गंभीर तोंडाने सांगायचो, की आता परतीचं नाव काढायचं नाही. किती वाजता निघायचं, घर किती लांब, जेवायला पोचू का, काही विचारायचं नाही. विचारलं तर मासा जातो. एकदा कंत्राटदाराच्या तोंडून चुकून निघालं, तेव्हा मी त्याला समुद्राच्या पाण्याने चूळ भरायला लावली. त्याने ती भरली आणि पुढचे सहा महिने तो किस्सा घराघरांत सांगितला. आमच्या घरी जेवायला आला तेव्हाही सांगितला, काल्पनिक पाण्याची ओंजळ धरून. सगळे हसले. माझी मुलगी नाही हसली. ती तेव्हा चौथीत होती. तिने मला विचारलं, "इज इट ट्रू, बाबा?" मी म्हटलं, "अगदी खरं, बाय."

त्या जूनच्या सुरुवातीला कंत्राटदाराचा मेहुणा पुण्याहून आला होता. त्याला मासेमारी दाखवायची होती. बायका किनाऱ्यावरच्या बागेत डबे घेऊन बसतील, आम्ही मासे आणू, असा बेत ठरला. मुलगी हट्टाला पेटली, मला बोटीत यायचंय. तिची आई नको म्हणत होती. उन्हाळा लागलाय, तुमचं लक्ष गळाकडे असतं, तिच्याकडे कोण बघणार, असं ती आदल्या दिवसापासून म्हणत होती. मी म्हटलं, माझ्या वयाची होती तेव्हा मी वल्हं मारत होतो. वाक्य उलटसुलट झालं, तिघंही हसलो, आणि त्या हसण्यातच परवानगी मिळाली असं मी ठरवून टाकलं.

खोर फक्कानच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. पाणी तेलासारखं शांत. म्हातारा मालक दोर सोडवायला आला. आमचं बोलणं तिथल्या मोडक्या हिंदीत चालायचं. तो म्हणाला, "आज हवा बर्र से आएगा." बर्र म्हणजे जमीन. आज वारा जमिनीकडून येणार. मला बरं वाटलं.

इथे मला थांबून सांगायला हवं. आमच्या किनाऱ्यावर जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याला मतलई म्हणतात. तो रात्री सुटतो, पहाटे होड्यांना बाहेर नेतो, उन्हं वर आली की पडतो. मग समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तोच होड्यांना घरी आणतो. मतलई म्हणजे मित्र. किनाऱ्याजवळचं पाणी तो इस्त्री केल्यासारखं ठेवतो. म्हाताऱ्याने मला इशारा दिला होता, आणि मी तो शुभशकुन समजलो. त्याचीही चूक नव्हती. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं असतं?

मग त्याने विचारलं, "कब वापस?" मी नियम मोडणार नव्हतो, पाहुणे ऐकत होते. मी हात वर करून म्हटलं, "इन्शाल्ला." कंत्राटदार खूश होऊन हसला. म्हाताऱ्याने खांदे उडवले.

माझी बायको मुलीला लाइफ जॅकेट बांधत होती. जॅकेट मोठ्या माणसाचं होतं, मुलांच्या मापाचं माझ्याकडे नव्हतं. तिने वरून ओढणीची गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, परत कधी येणार?"

पाहुण्यांसमोर तिने असं विचारावं याचा मला राग आला. तिला नियम ठाऊक होता. मी सरळ इंजिन सुरू केलं.

बाहेर जाताना मी मुलीला मागे बसवलं, किनाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे तिला पाणी लागणार नाही. तिचं मन रमावं म्हणून हात लांब करून अंगठ्याने माप घ्यायला शिकवलं. बंदरातली क्रेन तुझ्या अंगठ्याएवढी दिसते, बघ. आता अंगठ्याच्या नखाएवढी झाली, म्हणजे आपण खडकावर आलो. तिला ते फार आवडलं. एक डोळा मिटून ती सारखी माप घेत राहिली.

खडक मला डोंगराच्या दोन खुणांवरून माहीत होता. नांगर टाकला, दोर ताणला, गळ सोडले. पहिला तास बरा गेला. पुण्याच्या पाहुण्याला एक लहान गोबरा लागला. खोलातून वर आल्यामुळे त्याचं पोट फुगून तोंडात आलं होतं. पाहुणा घाबरला, मग खूश झाला, मग हमूरचा दुबईतला भाव विचारून त्याचे रुपये करायला लागला. कंत्राटदार म्हणाला, "मेहुणे, दिरहॅमचे रुपये करणं बंद करा, नाहीतर मासा परत पाण्यात उडी मारेल."

मग वारा आला. डोंगराकडून, कोरडा, तापलेल्या तव्यावरून आल्यासारखा. त्याला मातीचा वास होता. मी मोठा श्वास घेतला आणि लहानपणाबद्दल काहीतरी सांगितलं. पाण्यावर बारीक सुरकुत्या पडल्या, एवढंच. मनात हिशोब साधा होता. उन्हं चढली की हा पडेल, समुद्राकडून वारा सुटेल, आपण त्याच्या पाठीवर बसून घरी.

तो पडला नाही. वाढत गेला. डोंगरावर धुळीचा पडदा आला आणि माझ्या दोन्ही खुणा त्यात गेल्या. मी त्याकडे पाहिलं आणि नांगर आहे म्हणून निश्चिंत राहिलो.

थोड्या वेळाने कंत्राटदार म्हणाला, "तांडेल, गळाचं शिसं तळाला लागत नाहीये." मी म्हटलं, उन्हाळा आहे, मासा खोल गेलाय, आणखी दोरी सोडा. त्यांच्या दोऱ्या सरळ खाली न जाता तिरक्या जात होत्या. मी म्हटलं, पाण्याला ओढ आहे. मग पाहुण्याच्या गळाला गेदर लागला, लांबट, चपळ, निळा. आरडाओरड झाली, मी धावत जाऊन तो ओढायला मदत केली. गोबरा खडक सोडत नाही आणि गेदर खडकाजवळ राहत नाही, तो उघड्या समुद्राचा मासा, हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत होतं. तरी मला एवढंच वाटलं, की आज पाहुण्यांचा दिवस झाला.

गेदर खोक्यात टाकून मी वाकलो आणि सहज नांगराचा दोर हातात घेतला. तो ढिला होता. ओढला तर सरसर वर यायला लागला. नांगर तळावर नव्हता. पाण्यात नुसता लटकत होता.

मी मागे वळून पाहिलं. किनारा नव्हता. धुळीत कुठेतरी एक करडी रेघ होती, तीही आहे की नाही कळत नव्हतं. वाऱ्याने नांगर खडकाच्या कडेवरून ओढून नेला होता, आणि मी गप्पा मारत, मासे काढत बाहेर बाहेर चाललो होतो. माझी मुलगी जागेवर शांत बसली होती, हात मांडीवर.

मी नांगर घेतला, इंजिन सुरू केलं, तोंड जमिनीकडे वळवलं. तेव्हा कळलं की पाठीवर घेतलेला वारा आणि तोंडावर घेतलेला वारा किती वेगळे असतात. किनाऱ्याजवळ ज्या सुरकुत्या होत्या त्या इथे लाटा झाल्या होत्या, आखूड, उभ्या, एकीमागून एक. त्यात खालून दक्षिणेकडच्या त्या लांब लाटा आडव्या येत होत्या. बोट एकीवरून उतरायच्या आत दुसरीत नाक खुपसत होती. तिसऱ्या-चौथ्या लाटेला पाणी सरळ आत आलं. खोकं उलटलं, गोबरा आणि गेदर पायात आले. कंत्राटदार बोलायचा थांबला आणि बाजूला वाकून ओकायला लागला. पाहुणा खोक्याच्या झाकणाने पाणी बाहेर फेकत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी मुलीला ओढून माझ्या पायाशी बसवलं आणि तिच्या जॅकेटच्या पट्ट्यातून दोर ओवून स्वतःच्या कमरेला बांधला. दोन्ही बाजूंनी गाठ मारताना एक विचार येऊन गेला, की बोट उलटली तर हा दोर तिला वाचवेल की बुडवेल. मी गाठ सोडली. मग परत बांधली.

कंत्राटदाराकडे मोबाइल होता, त्याचा फार अभिमान होता त्याला. त्याने तो प्लास्टिकच्या पिशवीतून काढला, पाहिला आणि परत ठेवला. रेंज नव्हती. आणि किनाऱ्यावर आमची काळजी करायला कुणी सुरुवातही केली नसेल, हे मला त्या क्षणी कळलं. आम्ही कधी येणार हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोघांनी विचारलं होतं. संध्याकाळ होईपर्यंत म्हातारा समजणार की मासे लागतायत, आणि माझी बायको समजणार की मी रागावलोय.

इंजिन घरघरलं, थांबल्यासारखं झालं, परत चाललं. टाकीतलं इंधन लाटांवर चढण्यातच संपत होतं. किनारा जवळ येत नव्हता. मागे, उघड्या समुद्राकडे, बंदरात जागा मिळायची वाट बघत उभी असलेली एक मालवाहू बोट दिसत होती, नांगर टाकलेली. ती आमच्यापासून जवळ होती, जमिनीपेक्षा खूप जवळ. पण तिच्याकडे जायचं म्हणजे पोरीला घेऊन आणखी बाहेर जायचं. चुकून तिच्या बाजूने घसरलो, तर पुढे काहीच नव्हतं.

मी आणखी काही लाटा घेतल्या. एकीने मुलगी माझ्या पायापासून सुटून दोराला लटकली. मग मी दोन लाटांमधली फट बघून सुकाणू फिरवलं.

कंत्राटदाराने मान वर केली. "तांडेल, घर तिकडे आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तिकडे पोचणार नाही."

त्याने माझ्याकडे, मग मुलीकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी बोटीची कड धरली.

नांगरलेलं जहाज वाऱ्याकडे तोंड करून उभं असतं, त्यामुळे आडोसा फक्त त्याच्या शेपटीमागे मिळतो, एक अरुंद पट्टा. लाटा मागून ढकलत असताना त्या पट्ट्यात शिरून तिथेच थांबायचं होतं. पहिल्या वेळी मी चुकलो. जहाजाची गंजलेली भिंत आमच्या बाजूने सरकून गेली, आणि आम्ही उघड्यावर आलो. वळून परत येताना इंजिन पुन्हा घरघरलं. मी तेव्हा वडिलांना हाक मारली नाही, देवाला मारली नाही. नुसतं त्या इंजिनाशी बोलत होतो. त्याच्यात बसवलेला प्रत्येक भाग मी दुकानातून स्वतः आणला होता.

दुसऱ्या वेळी आत शिरलो. एकदम आवाज कमी झाला. वर उंचावर एक खलाशी वाकून बघत होता. त्याने हातानेच जा, जा अशी खूण केली. मी मुलीला उचलून उभी केली. तो आत गेला, मला वाटलं गेलाच, आणि मग वरून दोर आला. नंतर त्याने बादलीतून पाण्याच्या बाटल्याही सोडल्या. त्याचा चेहरा मला कधी नीट दिसला नाही.

तिथे आम्ही दुपारभर लोंबकळत राहिलो. डोक्यावर जहाजाच्या यंत्राची घरघर, अंगावर मिठाचे थर, पायाशी बोटीतल्या पाण्यात मेलेले मासे. कंत्राटदाराला थोडं बरं वाटल्यावर तो म्हणाला, मेहुणे, पुण्यात सांगा, दुबईत आम्हाला स्वतःच्या जहाजाचं पार्किंग आहे. पाहुणा हसला नाही. त्याचे हात सोलले होते. मी मुलीला जवळ घेऊन बसलो आणि तिला विचारलं, भीती वाटली का. तिने नाही म्हणून मान हलवली. मग थोड्या वेळाने, इतक्या हळू की फक्त मला ऐकू यावं, म्हणाली, "बाबा, आय सॉ इट."

"काय?"

तिने हात लांब केला आणि एक डोळा मिटला. "द क्रेन. इट वॉज लाइक माय नेल. देन लाइक राइस. देन आय कुडन्ट फाइंड इट."

"मग सांगितलं का नाहीस, बाय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतोय. "यू सेड नॉट टु," ती म्हणाली. "द फिश विल गो."

आम्ही गेदर ओढत होतो, ओरडत होतो, तेव्हा एक चौथीतली मुलगी आमच्या पाठीमागे बसून किनारा नाहीसा होताना बघत होती. मासा जाऊ नये म्हणून तोंड मिटून बसली होती. सगळ्या बोटीवर नियम खरा मानणारी ती एकटीच होती. मी स्वतःही तो तेवढा मानत नव्हतो.

उन्हं कलल्यावर वारा पडला, आला होता तसाच अचानक. खलाशाने दोर सोडला. आम्ही इंधन जपत हळूहळू किनारा धरला. धुळीतून आधी डोंगर बाहेर आले, मग क्रेन. मुलीने माप घेतलं नाही.

धक्क्यावर म्हातारा उभा होता. तटरक्षकांकडे जायला निघालाच होता म्हणाला. माझ्यावर चिडला नाही, नुसतं म्हणाला, "तुम टाइम नहीं बोला. खाली इन्शाल्ला बोला." मग कंत्राटदाराला हात देऊन त्याने वर ओढलं. माझी बायको बागेतून चालत आली, धावत नाही. मुलीच्या जॅकेटची गाठ पाण्याने घट्ट झाली होती, ती तिला सुटेना. दातांनी सोडवली. पाणी प्यायलीस का, एवढंच तिने विचारलं.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण कंत्राटदार जिवंत होता आणि त्याला तोंड होतं. त्याच्या तोंडून ती गोष्ट सगळीकडे गेली, आणि त्याच्या गोष्टीत मी वीर होतो. जमीन समोर असताना तांडेलांनी बोट उलटी फिरवली, जहाजाच्या मागे लपवली, आम्हा सगळ्यांना वाचवलं. नियमाचाही उल्लेख असायचा, कौतुकाने. बघा, शेवटपर्यंत कुणी परतीचं नाव काढलं नाही, म्हणून वाचलो. लोक माझा हात हातात घ्यायचे. दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना ओळख करून द्यायचे. मी प्रत्येक वेळी ठरवायचो की आता सांगतो, आणि प्रत्येक वेळी चहा यायचा, दुसरा विषय निघायचा. खरं म्हणजे विषय मीच काढायचो.

मुलगीही काही बोलली नाही. आईलासुद्धा नाही. मी आधी समजलो तिने मनावर घेतलं नाही. मग लक्षात आलं, ती अजून नियम पाळते आहे.

मंडळाचं वार्षिक स्नेहभोजन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. जेवणाआधी कंत्राटदाराने माईक घेतला आणि ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. चूळ, गेदर, जहाज, सगळं. लोक टाळ्या वाजवत होते. त्याने मला वर बोलावलं. मी उठायला लागलो, तेवढ्यात शेजारी बसलेल्या मुलीने माझी बाही धरली. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "व्हेन आर वी गोइंग बॅक?"

त्या दिवसानंतर तिने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. मी म्हटलं, "आत्ता." आम्ही तिघं टाळ्यांमधूनच बाहेर पडलो. मागे कंत्राटदार माईकवर म्हणत होता, तांडेल लाजले.

गाडीत बसल्यावर मी इंजिन सुरू केलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. जमिनीचा वारा मी मित्र समजलो ते, ढिला दोर, अंगठ्याचं माप, आणि मुलीने का सांगितलं नाही ते. मागच्या सीटवरून मुलगी ऐकत होती. माझं संपल्यावर बायको समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "मी विचारलं होतं."

तिने तेवढंच म्हटलं, आणि पुन्हा कधी ते काढलं नाही. कंत्राटदारालाही मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, तांडेल, हे मला सांगितलं ते ठीक, आता मेहुण्याला नका सांगू, तो तिकडे वेगळंच सांगतोय.

थंडी आल्यावर मी पुन्हा बोट काढली. लोकांना नियम हवा होता, मी नाही सांगितला. धक्क्यावर म्हाताऱ्याला वेळ सांगायचो, आणि बोटीतल्या प्रत्येकाला म्हणायचो, किनारा बघत राहा, लहान दिसला की ओरडा. त्यात काही मजा नव्हती. हळूहळू माणसं यायची कमी झाली. दोन-तीन वर्षांत ते बंदच पडलं.

मुलगी मात्र तो प्रश्न विचारत राहिली. लग्नात, मॉलमध्ये, कुणाच्या बारशाला, कधीही. तिने विचारलं की मी उठायचो. हातात ताट असलं तरी. नातेवाइकांत मी विचित्र म्हणून ओळखला जाऊ लागलो, ते जेवण अर्धवट टाकून जातात म्हणून. बायको सांभाळून घ्यायची. मुलगी मोठी होत गेली तशी ती कमी वेळा विचारू लागली. शेवटी शेवटी तर नुसतं बघायची, मी उठतो का ते.

दोन हजार सालानंतर थोड्या वर्षांनी ती शिकायला परदेशी निघाली. दुबईच्या विमानतळावर आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. बायकोने तिला खाण्याचं, कपड्यांचं, पासपोर्टचं, सगळं दोनदा विचारलं. मी ट्रॉली धरून उभा होतो. एकच गोष्ट विचारायची होती आणि जीभ उचलत नव्हती. म्हटलं ना, नियमाचा मी तमाशा केला होता, पण तो कुठेतरी खाली, गाळात रुतून बसला होता. निघणाऱ्या माणसाला कधी येणार विचारायचं नाही. आई फडकं देई आणि आत जाई.

ती आईच्या पाया पडली, माझ्या पडली. आत जायच्या दाराशी जाऊन थांबली, आणि परत आली.

"बाबा, आस्क मी."

"काय विचारू?"

"यू नो व्हॉट."

मागे लोकांची रांग होती. कुणीतरी ट्रॉली माझ्या पोटरीवर आणली. मी म्हटलं, "बाय, परत कधी येणार?"

"डिसेंबरमध्ये," ती मराठीत म्हणाली. "परीक्षा संपली की लगेच." आणि मग थोडं हसून, "इन्शाल्ला."

ती आत गेली. मी हात थोडा लांब केला आणि एक डोळा मिटला. बायकोने काय करताय असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हात खाली घेतला नाही.